माळकरी मासा

हिंगोलीत उतरून कुठल्याही रिक्षावाल्याला मासेवाली इंदूबाई म्हणून विचारा, तो भाडं न ठरवता आणून सोडतो. भाडं मी ठरवते, कारण तो जास्त सांगतो. माझ्या दुकानात काचेच्या टाक्या आहेत, रंगीत मासे आहेत, त्यांच्या खाण्याचे डबे आहेत, आणि घासाघीस करायला आलेल्या गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल आहे. त्या स्टुलावरून कोणी जिंकून उठलेलं मला आठवत नाही. नवीन टाकी नेणारी बाई पहिला प्रश्न हाच विचारते, की आमच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही, तर ह्यांना घरातलं काय चालेल? मी सांगते, सोनमासा असेल तर पुष्कळ चालतं. पालकाचं कोवळं पान गरम पाण्यात घालून काढा, दाबून बघा, बोटाखाली मऊ लागलं पाहिजे. काकडीच्या बिया काढा. दुधी नुसता वाफवा, मीठ नको, फोडणी तर नकोच. वाटाणा उकडा आणि साल काढा. शेवाळाच्या गोळ्यांचं पाकीट घेतलंत तर उलटं करून मागे वाचा, सुरुवातीलाच मैदा लिहिला असेल तर ठेवून द्या, माझ्या दुकानातलं असलं तरी. पोळी, भात, पाव, शेव, असलं काही घालू नका. आणि साबुदाणा तर बापजन्मात नको. साबुदाणा हा शब्द आला की माझा आवाज चढतो. बाई बिचारी दचकते. तिला काय माहीत.

आमच्या सगळ्या नात्यागोत्यात माझी एक गोष्ट सांगतात. लग्न असो, बारसं असो, पंगत उठली आणि पानं खाऊन लोक सैलावले की कोणीतरी म्हणतंच, अरे, इंदीनं मासा कसा वाचवला ते सांगा की. मग माळकरी घर, उपासाचा मासा, हळदीचं पाणी, असं सगळं रंगवून सांगतात आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतात. माझी थोरली बहीण, जिला मी आक्का म्हणते, तिथे असेल तर त्या वेळी पाणी आणायला आत जाते. तिला तीन लेकरं झाली, सासू जाऊनही बराच काळ लोटला, नांदेडला तिचं दोन मजली घर आहे. पण ती गोष्ट निघाली की ती आत जाते. आणि मी बाहेर बसून दात आवळते. इतकी वर्षं ऐकून घेतली. आता जशी घडली तशी लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या पंगतीत कोणी तोंड उघडलं तर हा कागद त्याच्या हातात देता येईल.

आमचं घर मोंढ्याच्या मागे होतं. दोन खोल्या, वर पत्रे, मागे न्हाणी आणि एक हापसा, जो चार घरांत मिळून होता. मोंढा म्हणजे धान्याचा आणि हळदीचा बाजार. हळदीच्या दिवसांत पलीकडे पॉलिशचे ड्रम फिरायचे, आत हळकुंडं एकमेकांवर घासायची, आणि तो खडखडाट सकाळपासून अंधार पडेस्तोवर कानात असायचा. थांबला की उलट चुकल्यासारखं व्हायचं. धूळ पिवळी, दोरीवरची लुगडी पिवळी, माझ्या टाचांच्या भेगा पिवळ्या. शाळेत पोरी मला "हळद लागली का वं" म्हणून चिडवायच्या आणि मी त्यांच्या वेण्या ओढायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मोंढ्यात मापाडी होते. काट्यावर पोतं चढवायचं, वजन मोठ्यानं सांगायचं, इतकंच काम. पण शेतकरी आणि व्यापारी दोघंही अण्णांच्याच काट्यावर माल घाला म्हणून अडून बसायचे. काट्याला बोटाचा धक्का देऊन वजन इकडचं तिकडं करणारे मापाडी असायचे. अण्णांनी आयुष्यात काटा झुकवला नाही. हे मी अभिमानानं लिहिते आहे, असं कोणी समजू नये. पुढे वाचा.

अण्णांनी मी लहान असतानाच तुळशीची माळ घातली होती. तेव्हापासून घरात अंडंसुद्धा आलं नाही. जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, लसणाचा ठेचा, अंबाडीची भाजी, आणि पाहुणे आले तर वांगं. माय, म्हणजे माझी आई, भाकरी थापायला बसली की तिच्या बांगड्यांचा आणि परातीचा एक ठेका लागायचा, त्यावर आम्ही दोघी बहिणी लहानपणी डोलायचो. अण्णांनी कधी मुंगी मारली नाही. घरात विंचू निघाला तर चिमट्यात धरून नाल्यापलीकडे सोडून यायचे आणि माय मागून ओरडायची, "सोडा, सोडा, उद्या परत जेवायला यील." जीव म्हणजे जीव, हे अण्णांचं ठरलेलं होतं. माणसांच्या बाबतीत काय ठरलेलं होतं, ते मला नंतर कळलं.

आक्काचं लग्न त्या उन्हाळ्यात झालं होतं, नांदेडला. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता, खाली दुकान, वर घर, घरात तो आणि त्याची आई. आमच्याकडे नव्या नवरीला पहिल्या आखाडात सासरी ठेवत नाहीत, सासूनं तिचं तोंड बघू नये म्हणतात. तशी आक्का आखाड लागायच्या आदल्या दिवशी एसटीनं आली. उतरली तेव्हा कपड्याची पिशवी कंडक्टरच्या हातात होती आणि तिच्या पोटाशी कळशी होती. कळशीत मासा. केशरी रंगाचा, पोट सुटलेला, शेपटी लुगड्याच्या निऱ्यांसारखी. स्टुडिओत गिऱ्हाइकांना बघायला ठेवलेल्या टाकीतला तो शेवटचा उरला होता. सासू लक्ष देणार नाही म्हणून तिनं त्याला महिनाभरासाठी बरोबर आणला, असं तिनं सांगितलं. लहान काचेची टाकी चादरीत गुंडाळून टपावर टाकली होती, ती न फुटता आली.

इथे एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण माल झाकून विकायची मला सवय नाही. आक्काला परत जायचं नव्हतं. ती कोणाला बोलली नाही. मला तर मुळीच नाही, कारण माझ्या पोटात काही राहत नाही हे हापशावरच्या बायकांनाही माहीत होतं. पण आज आठवते तेव्हा सगळं दिसतं. ती जेवताना ताट गुडघ्याशी ओढून घ्यायची आणि भराभर खायची. निजताना दिवा मालवू द्यायची नाही. अण्णा म्हणायचे, "काहून गं, बिल काय तुझा नवरा भरतो का?" ती हसायची आणि दिवा तसाच राहायचा. मी तिच्याच अंथरुणावर झोपायचे, मला उजेडात झोप यायची नाही, मी तिला कोपर मारायचे.

माशाच्या खाण्याचा डबा तिनं बरोबर आणला होता. मायनं झाकण उघडलं, नाकाला पदर लावला आणि डबा तसाच अण्णांपुढे धरला. आत वाळलेले किडे होते. अण्णांनी माळेला हात लावला. "ह्ये घरात न्हाई," म्हणाले. "जीव आपल्या दाराशी आलाय, त्याला जेवू घालू. पर आपण जे खातो ते." डबा हापशाजवळ ठेवला गेला आणि तिथून मांजरानं पळवला. अशा रीतीनं मासा माळकरी झाला. हे नाव भाजीवाल्या शेवंतामावशीनं दिलं. ती रोज सकाळी टोपली घेऊन आमच्या दारात टेकायची. "काय वं," म्हणाली, "तुमच्या माशाच्या गळ्यात माळ कुठं अडकवली, त्याला मान हाय का?"

त्याला जेवू घालायचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे मी ते ओढून घेतलं. पहिल्या दिवशी मायनं भाकरीचा चुरा घातला तर पाणी ताकासारखं झालं. अंबाडीचं पान मी टाकलं, त्यानं तोंडात घेतलं आणि आंबट लागल्यासारखं बाहेर थुंकलं. मेथी नको, शेपू नको. मग पालक. कच्चा पालक तो नुसता ढोसत बसायचा, म्हणून मायच्या भाताच्या आधणात पान बुडवून काढलं, तेव्हा त्यानं कडेपासून कुरतडत देठापर्यंत नेलं. मी ओरडले इतकी, की शेजारच्यांना वाटलं साप निघाला. त्या दिवसापासून मी शेवंतामावशीशी भांडायला लागले. जुडी घ्यायची नाही, पण बाहेरची सुटलेली पानं पाहिजेत, तीही कोवळी. "अगं माझ्या कर्मा," ती म्हणायची, "लोकं गाईला पाला मागतात, ही माशाला मागून राहिली." बदल्यात मी तिची टोपली पुढच्या आळीपर्यंत उचलून द्यायचे. मग मी त्यात काकडीचं टोकही मागायला लागले. तिनं शिव्या दिल्या आणि दिलं. आज माझ्यासमोर मोठमोठे व्यापारी घाम पुसतात. ते शिक्षण मी तिथे घेतलं, पालकाच्या फुकट पानांवर. आक्का ओट्यावर बसून माझं भांडण ऐकायची आणि तोंडाला पदर लावून हसायची. तिला तेवढं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग आखाडी एकादशी आली. त्या दिवशी आमच्या घरात चूल पेटली तरी तवा चढायचा नाही. साबुदाणा, भगर, शेंगदाण्याचं कूट, रताळं. भाजीपाला निषिद्ध. मी आदल्या दिवशीचं पालकाचं पान जपून ठेवलं होतं, ते मायनं उचलून बाहेर टाकलं. "आज न्हाई. घरात एकादशी हाय."

"अगं, पण तो मासा हाय!"

"माशाला देव न्हाई व्हय? पहिला अवतार कोणाचा?"

यावर अण्णांनीही मान हलवली. मायनं भिजलेला साबुदाणा मुठीनं घेतला, वर कूट चोळलं, आणि टाकीत सोडलं. पांढरे दाणे हळूहळू खाली यायला लागले आणि तो माशांचा राजा वेड्यासारखा सुटला. एकेक दाणा खाली पडायच्या आत गिळला. आम्ही चौघं भोवती बसलो होतो. अण्णा कौतुकानं म्हणाले, "बघा, उपासाचं कसं रुचलं." मायनं पुन्हा मूठभर टाकला, संध्याकाळी आणखी. एवढं लाडाचं जेवण त्याला कधी मिळालं नसेल.

द्वादशीला सकाळी तो पाण्याच्या वर आडवा पडला होता. मेला नव्हता. कल्ले हलत होते, डोळा माझ्याकडे होता, पण पोट टम्म फुगून वर आलेलं, आणि खाली जायला धडपडला की बुचासारखा परत वर यायचा. त्याला खाली जाता येत नव्हतं. माझ्या हातून काहीच होईना. बोटानं त्याला सरळ केलं, बोट काढलं की परत आडवा. मायनं आमच्या गावाचं सगळ्या दुखण्यावरचं औषध काढलं आणि चिमूटभर हळद पाण्यात सोडली. पिवळ्या पाण्यात केशरी मासा उताणा. मी मायवर ओरडले, माय माझ्यावर ओरडली, अण्णांनी माळ ओढत दोघींना गप्प केलं. आक्का तेवढी शांत होती. तिनं काचेला तळहात लावला आणि तशीच बसली. मला राग आला. मासा हिचा आणि रडायचं मी.

आखाड संपत आला तसा मोंढ्यातल्या अडत्याच्या फोनवर नांदेडहून निरोप आला, कमलला, म्हणजे आक्काला, पाठवा. अण्णांनी घरी येऊन तिला तो सांगितला. तिनं मान खाली घालून उत्तर दिलं, "अण्णा, त्याला असा टाकून कशी जाऊ? एसटीत हिंदकळला तर मरून जाईल." अण्णा टाकीजवळ उकिडवे बसले.  "जीव हाय," म्हणाले. "आपल्या दारात आजारी पडला. बरा होऊ दे." आणि परत जाऊन फोनवर सांगून आले की मासा बरा झाला की दुसऱ्या दिवशी पोरगी धाडतो, हा माझा शब्द. आक्कानं त्या दिवशी स्वतः भाकऱ्या थापल्या, एक जास्तीची थापली, आणि ताट गुडघ्याशी न ओढता जेवली. मी हे पाहिलं होतं. त्याचा अर्थ मला कोणी सांगितला नाही.

मी माझ्या कामाला लागले. एसटीडीच्या बूथवर जाऊन भाऊजींच्या स्टुडिओत फोन लावला आणि मासा आजारी पडल्याबद्दल त्यांनाच झापलं. ते हसले. म्हणाले, "आधी त्याला काही देऊच नका. चार दिवस कडक उपास. पाणी थोडं थोडं बदला. मग मटार उकडून, साल काढून, कुस्करून द्या. टाकी घेतली त्या दुकानदारानं सांगितलं होतं मला." मग म्हणाले, "आन् इंदू, बरा झाला की लगेच कळव हं. इथं जेवणाची पंचाईत होऊन राहिली. आईला आता होत न्हाई." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. आमच्या घरानं खरा उपास करायचा सोडून उपासाचं पोटभर खाल्लं होतं, आणि त्यानंच मासा उताणा झाला होता, एवढंच त्या वेळी डोक्यात होतं.

आता आखाड-श्रावणात मटार आणायचा कुठून? शेवंतामावशीला विचारलं तर ती टोपली खाली ठेवून हसली. "मटार? थंडीत ये माय. माशाचं लगीन लावायचं व्हय?" भाजीबाजारात एकेका गाळ्यापुढे उभी राहिले. सगळीकडे कारली, दोडके, गवार. एकानं शेंगा म्हणून चवळी गळ्यात मारायला बघितली, त्याच्याशी भांडण झालं. शेवटी मोंढ्यातल्या एका किराणा दुकानात पोत्यात वाळलेला हिरवा वाटाणा दिसला. दुकानदार किलोखाली द्यायला तयार नव्हता. मी पायरीवर बसले. येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पायांत बसले. मूठभर पाहिजे, अण्णा मापाड्याची पोरगी आहे, उठणार नाही. दुपार टळली तेव्हा त्यानं वैतागून पुडी फेकली. मी ती उघडून किडके दाणे परत केले आणि बदलून घेतले.

वाटाणे भिजवले, उकडले, एकेकाचं साल काढलं, बोटानं पिठासारखे केले. आक्का जवळ बसली होती. "आज नको देऊ गं," म्हणाली. "उद्या दे." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अजून उपास होऊ दे की." मी चिडले. "तुला काही माया हाय का न्हाई? तुझाच मासा ना?" ती उठून मागे गेली. मी वाटाण्याचा कण चिमटीत धरून त्याच्या तोंडाशी नेला. तो त्यानं आडव्यानं गिळला. पुढचे काही दिवस मी शाळेत गेले नाही. कण कण देत राहिले, आणि एका सकाळी टाकीच्या तळाशी त्यानं शीची लांबच लांब दोरी टाकलेली दिसली आणि तो तिच्यावरून सरळ पोहत गेला. शेपटी खाली, डोकं पुढे, खरा मासा. मी सगळ्या आळीला बोलावलं. शेवंतामावशीनं टाकीपुढे हात जोडले. अण्णा कामावरून जेवायला आले तेव्हा बायकांनी त्यांना दारातच सांगितलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असं ते कधी करत नसत. मग जेवले, आणि जाताना म्हणाले, "चला, आता फोन करतो."

आक्का न्हाणीत भांडी घासत होती. मी नाचत तिच्याकडे गेले. ती वर न बघता राखेचा बोळा फिरवत राहिली. "इंदे, तो बरा झाला म्हंजी मला जावं लागंल."

"मग? जायचंच हाय ना?"

तेव्हा ती बोलली. पातेल्यात बघून बोलली. स्टुडिओत फोटो धुवायची खोली असते, खिडकी नसलेली, आत औषधांचा वास. भाजी बिघडली, उत्तर दिलं, पाहुण्यांसमोर पदर ढळला, की सासू तिला तिथे घालून बाहेरून कडी लावते. भाऊजींना माहीत आहे का, विचारलं. "त्यांनीच कडी काढायची असती," म्हणाली. "त्येंला फोटो धुवायचे असले की काढतात."

मी तशीच भिजल्या पायांनी मोंढ्यात पळाले. अण्णा काट्यावर होते. हळदीचं पोतं वर चढलेलं, भोवती माणसं. मी त्यांना बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं. ऐकताना त्यांचा चेहरा पडला, हे मी पाहिलं, ते मी नाकारणार नाही. मग मी भाव करायला लागले, मला दुसरं काय येत होतं. पोळ्यापर्यंत ठेवा. न्हाई? मग नागपंचमीपर्यंत. मासा अजून अशक्त हाय म्हणा. आजारी हाय म्हणा. एक शब्द, अण्णा, फोनवर कोण बघायला येतंय?

"आळीभर माहीत झालं इंदे. तूच बोलावलंस."

"मी सगळ्यांना सांगते खोटं हाय म्हणून!"

"मी शब्द दिला," ते म्हणाले. "ह्या काट्यावर उभा राहून दिला. आता फिरवला तर मी कोण?" आणि हलकेच म्हणाले, "नवीन घर हाय, बसंल हळूहळू. मी जावयाशी बोलतो." पलीकडून कोणीतरी हाक मारली आणि त्यांनी जाऊन वजन मोठ्यानं सांगितलं. बराबर सांगितलं असणार.

घरी येऊन मी साबुदाणा भिजत घातला. हे पंगतीत कोणी सांगत नाही, कारण कोणाला माहीत नाही. तो फुगल्यावर मुठीत घेतला आणि टाकीशी उभी राहिले. मासा वर आला, माझी बोटं तो ओळखायला लागला होता. आक्कानं मागून मनगट धरलं. "त्या जिवाला काहून?" एवढंच म्हणाली. तिनं माझी मूठ एकेक बोट करून उघडली आणि तो कच्चा, चिकट साबुदाणा स्वतःच्या तोंडात टाकला, सगळा, आणि पाणी प्याली.

भाऊजी दोन दिवसांनी आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा. आधी टाकीजवळ गेले. "अरे वा! आमच्या मेव्हणीनं तर दवाखानाच काढला." माझा माशासोबत फोटो काढला. तो फोटो अजून आहे, पंगतीत तोही फिरतो, त्यात मी हसत नाही हे कोणी बघत नाही. मायनं पुरण केलं होतं. अण्णांनी जावयाशी बोलायचं कबूल केलं होतं, म्हणून मी वाट बघत होते. ते पावसाबद्दल बोलले. सोयाबीनबद्दल बोलले. पानावरून उठायची वेळ झाली तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी सगळ्यांसमोर ओरडले, "तुमच्या घरात आक्काला अंधारात कोंडतात!"

 भाऊजी हसले, मोकळेपणानं, खरंच गंमत वाटल्यासारखे. "अगं वेडे, डार्करूम हाय ती! फोटो धुवायची. अंधार नसला तर फोटो जळतात. कमल गेली असंल मदतीला, घाबरली का गं?" त्यांनी आक्काकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. आक्का माझ्याकडे बघत होती. "व्हय," ती म्हणाली. "पहिल्यांदाच पाहिली ना. घाबरले." माय इतकी हसली की तिला ठसका लागला. अण्णाही हसले, सुटल्यासारखे. गोष्टीतला सगळ्यांत मोठा हशा इथे येतो, आजही.

मला खरी अढी आहे ती इथे. अण्णा गेले, त्यांच्याशी आता भांडता येत नाही. पण आक्का, घरात भांडायला माझ्यासारखी पोरगी होती. हापशावरच्या बायका मला घाबरत, किराणावाला हरला. तू मला महिनाभर आधी सांगितलं असतंस, तर मी मासा बरा केला नसता. मी तो दिवाळीपर्यंत आजारी ठेवला असता, नुसत्या उपासावर. ही गोष्ट मी तिला कधीच म्हटलेली नाही. आता वाचेल.

दुपारच्या गाडीनं ते निघाले. हिंगोलीच्या डेपोत गाडी उभी होती. टाकी टपावर चढली, आक्का खिडकीशी बसली, कळशी मांडीत, वर ओलं फडकं. भाऊजी तिकीट काढायला पुढे गेले होते. अण्णा लांब उभे होते. आक्कानं खिडकीतून मान काढली आणि विचारलं, "इंदे, पालक कोवळा द्यायचा का जून?"

तिला माहीत होतं. महिनाभर ती बघत होती.

"कोवळा," मी म्हटलं.

"अन् काकडीचं साल?"

"काढायचं. बिया पण."

ड्रायव्हर चढला. गाडी घरघरली. "वाटाणा भिजवायचा किती?" ती जोरानं म्हणाली.

"रात्रभर!"

गाडी मागे सरली, वळली. मी खिडकीबरोबर चालायला लागले. "दुधी उकडून का वाफवून?" "वाफवून!" "मीठ घालू?" "नको, मीठ नको!" मी पळत होते. भाऊजी मागच्या खिडकीतून कौतुकानं बघत होते. ती विचारत राहिली आणि मी सांगत राहिले, शेपू चालतो का, न्हाई, मेथी, न्हाई, भाकरी, न्हाई आक्का, भाकरी न्हाई, आणि फाटकाशी गाडीनं वेग घेतला तेव्हा तिनं आणखी काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. मी तरी ओरडून उत्तर दिलं.